दुर्बिणीचं ऑपरेशन, पाठीपर्यंतचा काप आणि मधली पाच मिनिटं

"दुर्बिणीनं करणार होतात ना? मग पाठीपर्यंत टाके कसे?"

फुफ्फुसाचं ऑपरेशन आटोपून बाहेर आलं की हा प्रश्न कधी ना कधी कानावर येतोच. विचारणाऱ्याच्या आवाजात राग थोडा आणि भीती फार असते. सकाळी सांगितलेलं असतं की तीन छोटी भोकं पाडू, दुपारपर्यंत वॉर्डात आणू. दुपार टळून गेल्यावर कळतं की छाती उघडावी लागली, रक्त चढवावं लागलं, आजची रात्र आयसीयूत. मधे काय घडलं ते "जरा कॉम्प्लिकेशन झालं होतं, आता ठीक आहे" एवढ्यात उरकलं जातं. हे वाक्य खोटं नसतं, पण त्यातून कुणाला काही कळतही नाही.

मी भूल देते. माझी जागा पेशंटच्या डोक्याशी. सर्जनची नजर स्क्रीनवरच्या फुफ्फुसावर असते, माझी आकड्यांवर: ऑक्सिजन किती, बीपी किती, श्वास आत ढकलायला मशीनला किती जोर लावावा लागतोय. त्यामुळे छातीच्या ऑपरेशनात गडबड झाली की ती कधी त्यांना आधी दिसते, कधी मला. ती कशी होते आणि झाल्यावर आत नेमकं काय चालतं, ते सांगते.

छाती उघडली की

पोटाचं ऑपरेशन अवघड नसतं असं मी म्हणणार नाही, पण पोट तुम्हाला थोडा वेळ देतं. आतडी बाजूला सारून ठेवता येतात. छातीत तसं काहीच निवांत नसतं. हृदय धडधडत असतं, प्रत्येक ठोक्यासरशी शेजारचं फुफ्फुस हलतं, आणि ज्या नळ्यांच्या आसपास काम करायचं त्यांतून शरीरातलं झाडून सगळं रक्त जातं. प्रौढ माणसाचं हृदय स्वस्थ असताना मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फेकतं. ते सगळं एकदा फुफ्फुसांतून फिरून आल्याशिवाय पुढे जात नाही. दोन फुफ्फुसांत वाटणी केली तरी एका बाजूच्या मुख्य धमनीतून मिनिटाला दोन-अडीच लिटर रक्त जातं. अंगात मुळात रक्त असतं पाच लिटर.

दुसरी अडचण हवेची. फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटून फुगलेलं राहतं, कारण दोघांमधल्या फटीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. भिंतीला भोक पडून तिथे हवा शिरली की फुफ्फुस गाठ सुटलेल्या फुग्यासारखं आक्रसतं. एवढ्या एका कारणानं छाती हा सर्जनांसाठी कित्येक वर्षं बंद दरवाजा होता. १९०४ मध्ये ब्रेस्लाउ शहरात साउरब्रुख या तरुण सर्जननं यावर अजब तोडगा काढला. कमी दाबाची एक हवाबंद खोलीच बनवली. पेशंटचं धड आणि ऑपरेशन करणारे सगळे खोलीच्या आत, पेशंटचं डोकं तेवढं भिंतीतल्या भोकातून बाहेर. आज वाचताना हसू येतं, पण तत्त्व बिनचूक होतं. पुढे घशातून नळी घालून दाबानं हवा भरायची पद्धत रुळली आणि खोलीची गरज संपली.

त्यातून नवीनच मागणी निघाली. ज्या फुफ्फुसावर काम करायचं ते फुगत-मिटत राहिलं तर सर्जन टाका घालणार कुठे? एक फुफ्फुस बंद, एक चालू, असं हवं. आज यासाठी बहुतेक ठिकाणी दोन पदरी नळी वापरतात. एकाच नळीत शेजारी शेजारी दोन मार्ग, एक डाव्या फुफ्फुसाचा, एक उजव्या. तिचा मूळ नमुना स्वीडनच्या कार्लेन्स यांनी १९४९ मध्ये आणला, तोसुद्धा ऑपरेशनसाठी नव्हे; प्रत्येक फुफ्फुस किती काम करतं ते वेगवेगळं मोजण्यासाठी. ऑपरेशनला तिचा उपयोग लगेचच लक्षात आला.

तर फुफ्फुसाच्या बहुतेक ऑपरेशनांत पेशंट कुशीवर झोपलेला असतो, वरचं फुफ्फुस मिटलेलं असतं आणि खालच्या एकट्यावर सगळा भार असतो.

आकडा उतरायला लागतो तेव्हा

हवा एका फुफ्फुसाला मिळते, रक्त मात्र दोन्हीकडे जात राहतं. मिटलेल्या फुफ्फुसात गेलेलं रक्त ऑक्सिजन न घेताच परततं आणि चांगल्या रक्तात मिसळतं. म्हणून एक फुफ्फुस बंद केल्यावर ऑक्सिजन थोडा उतरणारच. शरीराकडे यावर स्वतःचा एक उपायही आहे. फुफ्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात आणि रक्त चालू भागाकडे वळतं. १९४६ मध्ये ऑयलर आणि लिलिएस्ट्रांड यांनी हे दाखवून दिलं. इतर अवयवांत याच्या नेमकं उलट घडतं, ऑक्सिजन कमी पडला की वाहिन्या सैलावतात. मला तरी शरीरातल्या सगळ्यात हुशार योजनांपैकी ही एक वाटते. शिवाय कुशीवर झोपवल्यामुळे रक्त स्वतःच्या वजनानंही खालच्या, म्हणजे चालू फुफ्फुसात जास्त उतरतं.

एवढं असूनही कधी कधी आकडा ९८ वरून ९२, ९२ वरून ८६ असा घसरत जातो. मॉनिटरचा प्रत्येक ठोक्याचा टिकटिक आवाजही त्याबरोबर खाली खाली, भसाडा होत जातो. ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, गप्पा चालू असतील तर त्या इथे बंद होतात.

पहिली गोष्ट, ऑक्सिजन शंभर टक्के. दुसरी, नळी जागेवर आहे का? बहुतेकदा चोर इथेच सापडतो. पेशंटला कुशीवर वळवताना किंवा सर्जननं फुफ्फुस ओढताना नळी एखाद-दोन सेंटिमीटर सरकली तरी खेळ बिघडतो. उजव्या मुख्य श्वासनळीला दुभाजकापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर पहिला फाटा फुटतो, तो नळीनं सहज झाकला जातो. डावी मुख्य नळी पाचेक सेंटिमीटर सरळ जाते, चुकीला जरा जागा देते. म्हणून शक्य असेल तिथे आम्ही डाव्या बाजूचीच नळी निवडतो. सरकली की काय, हे अंदाजानं ठरवायचं नाही. पेन्सिलीहून बारीक दुर्बीण नळीतून आत सारायची आणि डोळ्यांनी बघायचं. कधी नळी जागेवर असते आणि कफाचा चिकट गोळा किंवा रक्ताची गुठळी अडकलेली असते. ती ओढून काढली की आकडा मिनिटभरात वर येतो.

तेवढ्यानं नाही भागलं तर मिटलेल्या फुफ्फुसात हलक्या दाबानं थोडा ऑक्सिजन सोडायचा. सर्जनची कुरकुर होते, कारण त्यांच्या नजरेसमोर फुफ्फुस फुगायला लागतं. तरीही जमेना तर मी सरळ सांगते, "थांबा, दोन मिनिटं दोन्ही फुफ्फुसं चालवते." ऑपरेशन थांबतं. जिथे अख्खं फुफ्फुस काढायचंच ठरलंय तिथे सर्जनकडेही एक उपाय असतो: त्या बाजूची धमनी बंद केली की वाया जाणारं रक्त बंद, आकडा वर.

एक प्रसंग मात्र वेगळाच आणि घातक. खालच्या, चालू फुफ्फुसाला बारीक भोक पडून हवा त्या बाजूच्या छातीत कोंडायला लागते. मशीनला हवा ढकलायला जास्त जोर लागतो, बीपी कोसळतं, ऑक्सिजन उतरतो, आणि सर्जन ज्या बाजूला बघतायत तिथे सगळं छान दिसत असतं. इथे एक्स-रेची वाट बघत बसत नाहीत. त्या बाजूला सुई किंवा नळी घालून हवा बाहेर काढतात. छाती उघडीच असेल तर सर्जन मधल्या पडद्यातूनच तिला वाट करून देतात.

हृदयाचंही थोडक्यात सांगते. फुफ्फुसाचं मूळ हृदयाला अगदी लागून असतं आणि ठोके मंदावणारी व्हेगस नस तिथूनच जाते. ओढाताणीत ती ताणली गेली की ठोके ७० वरून एकदम ३५ वर येतात. पहिला उपाय औषधाचा नाही. "हात सोडा," एवढंच. सोडला की बहुतेकदा ठोके पूर्ववत होतात. नाहीतर औषध तयार असतंच.

लाल स्क्रीन

आता ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते. फुफ्फुसधमनी, म्हणजे पल्मोनरी आर्टरी.

हातात ज्या धमनीची नाडी बघतो तिथला दाब १२० च्या आसपास. फुफ्फुसधमनीतला दाब २५ च्या आसपास. दाब कमी, म्हणून भिंतही पातळ. वय झालेल्या माणसात, किरणोपचार घेतलेल्यात ती भिजलेल्या कागदासारखी हाताला लागते, असं सर्जन सांगतात. त्यात जुना क्षयरोग होऊन गेला असेल तर शेजारच्या लसिकाग्रंथी खड्यासारख्या कडक होऊन धमनीला घट्ट चिकटलेल्या असतात. ग्रंथी सोडवायला जावं आणि सोबत धमनीच्या भिंतीचा टवका निघावा, असं होतं. सीटी स्कॅनमध्ये अशा ग्रंथी पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. म्हणून कसलेला सर्जन आदल्या दिवशी गाठीपेक्षा या ठिपक्यांकडे जास्त वेळ बघत बसतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात हे घडलं की आधी स्क्रीन लाल होते. कॅमेऱ्याच्या काचेवर रक्त उडालं तर दिसेनासंच होतं. अशा वेळी हात शिवशिवतात ते चिमटा लावून टाकायला. नेमकं तेच करायचं नाही. न दिसणाऱ्या जागी, पातळ भिंतीवर, घाईनं चिमटा लावला की दोन मिलिमीटरचं भोक दहाचं होतं. नुसतं रक्त ओढून घेत बसणंही तितकंच वाईट. ओढणारं मशीन भोकातून रक्त आणखी उपसत राहतं.

करायचं ते दिसायला अगदी साधं. दाबायचं. लांब दांडीच्या टोकाला गुंडाळलेला गॉजचा बोळा प्रत्येक सुज्ञ टीमच्या टेबलावर ऑपरेशन सुरू होण्याआधीच तयार असतो. तो भोकावर ठेवायचा आणि धरून राहायचं. बोळा हाताशी नसेल तर शेजारचं फुफ्फुसच त्यावर दाबायचं. धमनीतला दाब २५ चा आहे, हे इथे कामी येतं: एका बोटाच्या हलक्या दाबानंही हे रक्त थांबतं. १२० च्या दाबाच्या महाधमनीला फाट गेली तर असं हमखास म्हणता येत नाही. म्हणजे ज्या पातळपणामुळे ही धमनी फाटते, त्याच्याच जोडीचा कमी दाब ती सांभाळायला सवड देतो.

मग सर्जन मोठ्यानं सांगतात, "धमनीतून रक्त आहे. मी दाबून धरलंय." हे बोलून दाखवणं दाबण्याइतकंच महत्त्वाचं. पडद्याअलीकडून मला फक्त बीपी उतरलेलं दिसतं, का उतरलं ते दिसत नाही. मनातल्या मनात झगडणारा सर्जन सगळ्यांनाच अंधारात ठेवतो.

कुणीतरी घड्याळ बघतं. पाच मिनिटं. इतकी लांब पाच मिनिटं दुसरीकडे कुठे अनुभवायला मिळत नाहीत. सर्जनचा हात हलत नाही, बाकीचे सगळे हलतात. मी जाड सलाईनची दुसरी लाईन बघते, रक्तपेढीला फोन जातो, पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघितलेल्या (क्रॉसमॅच केलेल्या) रक्ताच्या पिशव्या खोलीत येतात. सिस्टर छाती उघडायचा सेट उघडतात. दुसरी सिस्टर आत गेलेले गॉज मोजून फळ्यावर लिहिते, कारण पुढच्या धांदलीत हा हिशेब चुकला तर गॉज आत राहण्याची भीती असते. दुसऱ्या सर्जनला बोलावणं जातं. कितीही अनुभवी असला तरी दुसरा बोलावणं हे माझ्या लेखी शहाणपणाचं लक्षण आहे. स्वतःच्या हातून झालेल्या भोकाकडे माणूस शांतपणे बघू शकत नाही.

पाच मिनिटांनी बोळा अलगद उचलून बघतात. बारीक भोक असेल तर रक्त थांबलेलंही असतं. रक्त गोठवणारी पट्टी लावली, वर थोडं दाबलं, काम पुढे. मध्यम असेल आणि नीट दिसत असेल तर दुर्बिणीतूनच टाका पडतो. पण उचलताक्षणी पुन्हा लोंढा आला तर बोळा परत जागेवर आणि निर्णय एकच: उघडा.

उघडतानाही दाब सुटत नाही. एक जण दुर्बिणीसाठी पाडलेल्या भोकातून बोळा धरून ठेवतो, दुसरा बरगड्यांमधून काप घेतो. उघडल्यावरही सर्जन आधी धमनीच्या भोकाकडे वळत नाहीत. ते अलीकडे, हृदयाच्या दिशेला, मुख्य धमनीभोवती फीत टाकून तिथला प्रवाह तात्पुरता थांबवतात. नळ बंद केल्याशिवाय फुटलेल्या पाईपला हात लावत नाहीत, तसंच. बाहेर जागाच नसेल तर हृदयाचं आवरण उघडून आतून पकड घ्यावी लागते. मग कोरड्या जागी बारीक धाग्यानं टाके. ज्या कामासाठी मगाशी घाम फुटला होता, ते आता दहा मिनिटांत होतं. अगदीच क्वचित हृदय-फुफ्फुसाचं काम तात्पुरतं यंत्रावर सोपवावं लागतं. असं यंत्र वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी केलं. बहुतेक पेशंटना त्याची गरज पडत नाही, पण फाट हृदयाच्या तोंडाशीच असेल तर दुसरा मार्ग उरत नाही.

रोबोटनं चालणाऱ्या ऑपरेशनात एक भर पडते. सर्जन टेबलापासून दूर, कन्सोलवर बसलेला असतो. हात धुऊन, गाऊन घालून तो येईपर्यंत टेबलाशेजारचा सहकारीच दाबून धरणार. त्यामुळे रोबोटचे हात कोणी, कोणत्या क्रमानं काढायचे याची तालीम आधी झालेली असावी लागते. ती झाली आहे का, हे विचारायला पेशंटनं लाजू नये.

रक्त चढवणं म्हणजे टाकी भरणं नव्हे

इथे माझ्या कामाचं थोडं सविस्तर सांगते, कारण बाहेर याबद्दल फार गैरसमज असतो. गेलं तेवढं रक्त भरलं की झालं, असं नसतं.

पिशवीतल्या रक्तात ते गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं असतं. भराभर पिशव्या चढवल्या की ते सायट्रेट पेशंटच्या रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. कॅल्शियम उतरलं की हृदयाचं आकुंचन दुबळं होतं आणि रक्त गोठायची क्रियाही अडखळते. पिशवी फ्रिजमधून आलेली, म्हणजे थंड. अंग गार पडलं की रक्त आणखी गोठत नाही. ऊतींना ऑक्सिजन कमी पडून रक्तात आम्ल वाढतं, त्यानंही तेच. रक्त जातं म्हणून अंग गार, अंग गार म्हणून रक्त थांबत नाही. हे चक्र एकदा सुरू झालं की टाके कितीही छान घातलेले असोत, सुईच्या भोकांतूनसुद्धा रक्त पाझरतं.

म्हणून रक्त गरम करूनच द्यायचं, अंगावर गरम हवेचं पांघरूण ठेवायचं, कॅल्शियम सोबत द्यायचं. नुसत्या लाल पेशी न देता प्लाझ्मा आणि प्लेटलेटही द्यायच्या. आणि हे सगळं हात राखून. फुफ्फुसाच्या ऑपरेशनात सलाईन सढळ हातानं सोडलं तर उरलेल्या फुफ्फुसात पाणी साठतं, त्याचे भोग दोन दिवसांनी भोगावे लागतात. बीपी उतरलंय म्हणून बाटलीवर बाटली लावणं सोपं असतं. कधी कधी थोडं कमी बीपी काही मिनिटं सहन करून सर्जनला टाका पूर्ण करू देणं जास्त बरं. हा तोल पुस्तकातून शिकवता येत नाही.

बेत बदलला म्हणजे हरले का?

दुर्बिणीवरून उघड्या ऑपरेशनवर जाण्याला आमच्यात 'कन्व्हर्ट करणं' म्हणतात. रक्तस्राव हे त्याचं एकच कारण. फुफ्फुस छातीला जागोजागी चिकटलेलं निघतं, ग्रंथी सुटत नाहीत, एका फुफ्फुसावर ऑक्सिजन टिकत नाही, गाठ स्कॅनपेक्षा पुढे सरकलेली दिसते. यातली बरीच कन्व्हर्शन शांतपणे, रक्ताचा थेंब जास्त न सांडता होतात. मला काळजी वाटते ती न उघडणाऱ्या सर्जनची. 'एवढं दुर्बिणीनंच करून दाखवतो' हा हट्ट ज्या क्षणी सुरू होतो, त्या क्षणापासून ऑपरेशन पेशंटचं राहत नाही.

बेत बदलण्याचं एक जुनं उदाहरण आहे. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत सेंट लुइसमध्ये एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी एका डॉक्टरचीच छाती उघडली. फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी एक कप्पा काढायचा, असं ठरलेलं होतं. आत पाहिल्यावर कळलं की एका कप्प्यानं भागणार नाही. कॅन्सरसाठी एकाच बैठकीत अख्खं फुफ्फुस काढून पेशंट वाचल्याचं उदाहरण तोवर नव्हतं. ग्रॅहम यांनी आधी धमनी तात्पुरती आवळून बघितली. अचानक सगळं रक्त दुसऱ्या फुफ्फुसात वळल्यावर हृदयाला झेपतं का? झेपलं. मग पूर्ण फुफ्फुस काढलं. तो पेशंट पुढे तीस वर्षं जगला. खुद्द ग्रॅहम त्याच्या आधी, १९५७ मध्ये गेले, फुफ्फुसाच्याच कॅन्सरनं. मला या गोष्टीत धाडसापेक्षा ते आवळून बघणं मोठं वाटतं. परतीची वाट बंद करण्याआधी त्यांनी क्षणभर थांबून पाहिलं.

बाकीच्या भानगडी लहान, पण चुकवू नयेत अशा. रक्तवाहिन्या आणि श्वासनळ्या आज बहुधा स्टेपलरनं बंद करतात. तो एकाच वेळी दोन्हीकडे पिनांच्या ओळी मारतो आणि मधून कापतो. पिना नीट बसल्या नाहीत आणि पातं मात्र फिरलं, तर व्हायचं ते होतं. म्हणून जोखमीच्या जागी स्टेपलर चालवण्याआधी अलीकडच्या वाहिनीभोवती फीत असलेली बरी. आहारातली चरबी वाहून नेणारी, छातीतून वर जाणारी लसिकावाहिनी इतकी बारीक आणि रंगहीन असते की दुखावली तरी त्या दिवशी कळतही नाही. पेशंट जेवायला लागला की छातीत ठेवलेल्या नळीतून (ड्रेनमधून) येणारं पाणी दुधासारखं पांढरं होतं, तेव्हा उलगडा होतो. आधी चरबीविरहित आहार, नाहीच थांबलं तर ती वाहिनी बांधतात. स्वरयंत्राची नस दुखावली तर आवाज बसतो. आणि अख्खं फुफ्फुस काढताना हृदयाचं आवरण उघडावं लागलं असेल तर एक विलक्षण प्रकार, क्वचितच, पण होतो. ऑपरेशन संपतं, पेशंटला उताणं करतात, आणि हृदय त्या भोकातून रिकाम्या बाजूला घसरतं. बीपी क्षणात शून्याकडे. औषधं देत बसायची नाहीत; पेशंटला लगेच परत कुशीवर, ऑपरेशनची बाजू वर, आणि छाती पुन्हा उघडायची. हे ज्यानं वाचलेलंच नाही, त्याला त्या दोन मिनिटांत ते सुचणार नाही.

सुचण्यावर विसंबू नये म्हणूनच आता कागद वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनची सुरक्षा यादी आणली: नाव, बाजू, ॲलर्जी, रक्ताची तयारी, शेवटी गॉज-सुयांची मोजणी. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली आणि २००९ मध्ये निकाल आले. गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आलं, मृत्यूचं १.५ वरून ०.८ वर. २०१३ च्या एका अभ्यासात बनावट ओटीत खऱ्या टीमना अचानक संकटं दिली. यादी हातात नसताना आवश्यक पायऱ्यांपैकी २३ टक्के राहून गेल्या, यादी असताना ६ टक्के. माणसं तीच होती. घाबरलेल्या माणसाला जे पाठ असतं तेही आठवत नाही. आता मी स्वतः रक्तस्रावाच्या वेळी एकाला यादी मोठ्यानं वाचायला लावते. पहिल्यांदा लावली तेव्हा लाज वाटली होती. तिसऱ्या ओळीवर 'कॅल्शियम' आलं, आणि मी ते दिलेलं नव्हतं.

बाहेर बसलेल्यांसाठी

ऑपरेशनच्या आधी संमतिपत्रावर सही घेतात, तेव्हा 'दुर्बिणीनं, गरज पडल्यास उघडून' असं लिहिलेलं असतं. सही करण्याआधी 'गरज पडल्यास' या दोन शब्दांवर बोट ठेवून विचारा: माझ्या बाबतीत ती पडायची शक्यता कशामुळे? रक्ताची सोय आहे का? पेशंटला पूर्वी क्षयरोग झाला होता, किरणोपचार झाले होते, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे न विचारता सांगा. गोळी घरातल्या कुणीतरी परस्पर दिलेली असते आणि ती आम्हाला ओटीत कळते.

काही झालं तर सर्जननं त्याच दिवशी, बसून, काय फाटलं, किती रक्त गेलं आणि आता कशावर नजर ठेवायची ते सांगायला हवं. नाही सांगितलं तर विचारायचा तुमचा हक्क आहे. पुढचे दोन-तीन दिवस हृदयाची लय बिघडण्याचे असतात. ठोके अनियमित झाले तर घाबरून जाऊ नका, हे ओळखीचं आहे आणि बहुतेकदा औषधानं आवरतं.

आणि छातीतल्या नळीला जोडलेली, खाटेखालची ती बाटली. सगळे नातेवाईक तिच्याकडेच बघत असतात. छाती बंद करण्याआधी सर्जन आत सलाईन ओततात, मी फुफ्फुस हलकेच फुगवते आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतो. सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात तसंच. मोठी गळती टाक्यांनी बंद होते, बारीक राहतात, त्या आपल्या आपण भरतात. नळीचं टोक बाटलीतल्या पाण्याखाली असतं, म्हणजे हवा बाहेर येऊ शकते, परत आत जाऊ शकत नाही. श्वासाबरोबर पाणी नळीत वरखाली झालं तर नळी मोकळी आहे. खोकल्यावर बुडबुडे आले तर गळती अजून आहे. बाटली पेशंटच्या छातीपेक्षा वर उचलायची नाही, आणि चालताना नळीला चिमटा लावायचा नाही.

राऊंडला आम्ही रोज तेच म्हणतो, "जोरात खोका बरं." दुखतं, म्हणून पेशंट उशी छातीशी धरून खोकतो. सगळे वाकून बाटलीत बघतात. ज्या सकाळी पाणी नुसतंच उसळून खाली बसतं, एकही बुडबुडा येत नाही, त्या सकाळी सर्जन आणखी दोनदा खोकायला लावतात, चोवीस तासांत किती पाणी आलं ते विचारतात, आणि सिस्टरना नळी काढायचं सामान आणायला सांगतात.